तिसऱ्या खेळाडूकडं बघितलंस का? : पोकर स्पर्धेचा शेवटचा टप्पा आणि अठ्ठीची जोडी

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, दोन आकडे नीट करून लिहिलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज बारामतीतूनच रेकॉर्ड करतोय. शनिवार-रविवार घरी आलोय, त्यामुळं मागं मोटारसायकली, कुत्री आणि आमच्या आईची हाक, यातलं काहीही ऐकू येऊ शकतं. सांभाळून घ्या.

आजचा विषय पोकर. 'पोकर म्हणजे जुगार, त्यावर काय बोलायचं' असं म्हणून भाग बंद करणार असाल तर दहा मिनिटं थांबा. हा भाग पैसे कसे जिंकायचे यावर नाही. माझ्या चुलतभावाने मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर द्यायला मला फार उशीर झाला, आणि ते उत्तर आज इथं नीट मांडायचंय.

पार्श्वभूमी सांगतो. भाऊ इंदापूर तालुक्यातला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. थोडा ऊस, थोडं डाळिंब. २०२१ च्या दिवाळीत आम्ही सगळी भावंडं गावी जमलो होतो. तीन पत्ती सगळ्यांनाच येत होती. मी नवीन नवीन हॉस्टेलवरून शिकून आलेलो, म्हटलं चला, तुम्हाला पोकर शिकवतो. चिप्स म्हणून आजीच्या डब्यातले चिंचोके घेतले. रात्री दोनपर्यंत खेळलो. कुणाचा एक रुपया गेला नाही. पण त्याला खेळ मीच शिकवला, हे खरं.

पुढं तो मोबाईलवर पैशांच्या स्पर्धा खेळायला लागला. मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. २०२४ मध्ये एका रात्री साडेबाराला त्याचा फोन आला. एका स्पर्धेत शेवटच्या तिघांत होता आणि तिसरा येऊन बाहेर पडला होता. म्हणाला, "दादा, माझ्याकडं अठ्ठीची जोडी होती, त्याच्याकडं एक्का-राजा. पंचावन्न टक्के मी पुढं होतो. माझं चुकलं कुठं?"

मी झोपेत म्हणालो, "नशीब रे, दुसरं काय. बरोबर खेळलास."

हे उत्तर चुकीचं होतं.

आधी खेळ थोडक्यात

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते फक्त त्यालाच दिसतात. मग मधोमध पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे. आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचा एक. सातातून सगळ्यात चांगले पाच धरायचे. प्रत्येक टप्प्याला चिप्स लावता येतात, वाढवता येतात किंवा पत्ते टाकून देता येतात. तीन पत्तीत आपण 'पॅक' म्हणतो, इथं 'फोल्ड'. समोरच्याने लावलं तेवढं लावलं की 'कॉल'. सगळंच्या सगळं पुढं सरकवलं की 'ऑल-इन'.

स्पर्धेत सगळे सारखेच चिप्स घेऊन सुरुवात करतात. चिप्स संपले की बाहेर. दर डावाला दोघांना सक्तीने थोडे चिप्स लावावे लागतात, ते 'ब्लाइंड'. तीन पत्तीत न बघता खेळणं म्हणजे ब्लाइंड, इथं अर्थ वेगळा आहे. हे ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढत जातात. त्यामुळं नुसतं बसून राहिलं तरी चिप्स झिजतात. म्हणून शेवटच्या टप्प्यात 'माझ्याकडं किती चिप्स आहेत' यापेक्षा 'मोठ्या ब्लाइंडच्या किती पट आहेत' हे बघतात. दहा पटीच्या खाली आलात की बहुतेक वेळा दोनच पर्याय उरतात, सगळं लावा नाहीतर टाका. तीस पट असतील तर अजून श्वास घ्यायला जागा असते.

भावाकडं त्या रात्री तीस पट होते. हे लक्षात ठेवा.

चिप्स म्हणजे पैसे नव्हेत

आता मुद्द्याचं. तिघं उरले होते. आकडे मी सोयीसाठी गोल केलेत. एकाकडं ५ लाख चिप्स, भावाकडं ३ लाख, तिसऱ्याकडं २ लाख. बक्षिसं पहिल्याला ५० हजार रुपये, दुसऱ्याला ३० हजार, तिसऱ्याला २० हजार.

पाच लाखवाल्याने ऑल-इन केलं. तिसऱ्याने टाकलं. आता भावाने ठरवायचं.

भावाचा हिशेब साधा होता. मी तीन लाख लावतो, जिंकलो तर सहा होतात, हरलो तर शून्य. म्हणजे पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त शक्यता असेल तर फायदा. तीन पत्तीच्या डावात हा हिशेब बरोबर आहे, कारण तिथं समोरचा रुपया म्हणजे रुपयाच असतो. स्पर्धेत तसं नसतं. सगळे चिप्स जिंकले तरी पहिल्याला मिळतात एक लाखातले पन्नास हजारच. चिप्स दुप्पट झाले म्हणून पैसे दुप्पट होत नाहीत.

मग चिप्सची पैशातली किंमत काढायची कशी? त्यासाठी 'इंडिपेंडंट चिप मॉडेल' नावाची रीत वापरतात. तिचं मूळ गंमतशीर आहे. हार्व्हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीत दुसरा-तिसरा कोण येईल याची शक्यता काढण्याचं एक सूत्र मांडलं. पुढं ऐंशीच्या दशकात मेसन मालमथने तेच पोकरला लावलं. सूत्र असं : पहिला येण्याची शक्यता म्हणजे तुमच्या चिप्सचा एकूण चिप्समधला वाटा. दुसऱ्या जागेसाठी, पहिला आलेल्याला बाजूला काढायचं आणि उरलेल्यांत पुन्हा तोच वाटा बघायचा.

भावाचा हिशेब करून बघू. दहातले तीन लाख, म्हणजे पहिला येण्याची शक्यता ३० टक्के. दुसरा येण्याची साडेसदतीस टक्के निघते, तिसरा येण्याची साडेबत्तीस. बक्षिसांनी गुणलं की १५,००० अधिक ११,२५० अधिक ६,५००. एकूण ३२,७५० रुपये. म्हणजे पत्ते टाकून नुसता बसला असता तरी त्याच्या जागेची किंमत ३२,७५० होती.

कॉल करून जिंकला तर? त्याच्याकडं सहा लाख, बाकी दोघांकडं दोन-दोन. पहिला ६० टक्के, दुसरा ३०, तिसरा १०. किंमत ४१,००० रुपये. हरला तर तिसरा, २०,००० घेऊन घरी.

आता नीट बघा. जिंकला तर मिळतात ८,२५० जास्त. हरला तर जातात १२,७५०. चिप्स तेवढेच, पण गमावलेला चिप कमावलेल्या चिपपेक्षा महाग. मग कॉल करायला किती शक्यता हवी? १२,७५० भागिले २१,०००, म्हणजे जवळजवळ ६१ टक्के. ब्लाइंडचे मधले चिप्स धरले तर आकडा जरासा खाली येतो, पण पन्नासपर्यंत येत नाही.

म्हणजे अगदी समोर एक्का-राजाच आहे हे त्याला दिसत असतं, तरी पंचावन्न टक्क्यांवर तो कॉल तोट्याचा होता.

फरक कुठून आला? तिसऱ्या खेळाडूमुळं. दोन लाखवाला कोपऱ्यात गप्प बसला होता. भाऊ भांडला पाच लाखवाल्याशी, आणि फुकटात वर सरकला तो तिसरा. आपल्याकडं कबड्डी बघणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शेवटचं मिनिट आहे, आपण दोन गुणांनी पुढं आहोत. रेडर आत जातो, मध्यरेषेच्या आसपास वेळ काढतो आणि परत येतो. बोनस घ्यायची ताकद नाही म्हणून नव्हे. मिळणाऱ्या एका गुणापेक्षा जाणारा गुण महाग झालाय म्हणून.

फक्त दोघं उरले की ही भानगड संपते. तेव्हा चिप्सचा आणि पैशाचा हिशेब पुन्हा सरळ होतो, पन्नास म्हणजे पन्नास. म्हणून तिघं असताना जो खेळाडू भित्रा वाटतो तोच दोघं उरल्यावर अंगावर येतो. तो बदललेला नसतो. हिशेब बदललेला असतो.

समोरच्याला वाचायचं म्हणजे काय

आता कुणी म्हणेल, समोर एक्का-राजा होता हे नंतर कळलं. निर्णय घेताना कुठं माहीत होतं? अगदी बरोबर. म्हणून निकालावरून निर्णय तपासायचाच नाही.

सिनेमात काय दाखवतात, हिरो समोरच्याच्या डोळ्यांत बघतो आणि म्हणतो, तुझ्याकडं दोन राजे आहेत. असं काही नसतं. वाचणं म्हणजे एक हात ओळखणं नव्हे. हा माणूस, या जागेवरून, इतके चिप्स असताना, कोणकोणत्या पत्त्यांवर असं करेल, त्या सगळ्यांची यादी करायची. मग तिच्यातले एकेक खोडत जायचं.

यादी मोजायची असते. दोन पत्त्यांच्या एकूण १,३२६ जोड्या होतात. कुठलीही एक जोडी, समजा दोन राण्या, ६ प्रकारे येते. एक्का-राजा १६ प्रकारे. त्यामुळं 'त्याच्याकडं एक्का-राजा किंवा दोन एक्के असतील' असं वाटत असेल तर दोन्ही शक्यता सारख्या नाहीत. आणि तुमच्या हातात एक एक्का असेल तर दोन एक्के ६ ऐवजी ३ च प्रकारे येऊ शकतात, एक्का-राजा १२ प्रकारे. आपल्या हातातले पत्तेसुद्धा समोरच्याबद्दल काहीतरी सांगत असतात.

भावाच्या डावात दोन टोकं धरू.

पहिलं टोक : पाच लाखवाला कशावरही ऑल-इन करतोय, नुसता दम देतोय. मोठे चिप्सवाले शेवटच्या टप्प्यात हे खरंच करतात, कारण बाकीचे घाबरलेले असतात. कुठल्याही दोन पत्त्यांसमोर अठ्ठीची जोडी साधारण ६९ टक्के जिंकते. ६१ हवेत, ६९ आहेत. कॉल बरोबर.

दुसरं टोक : तो फक्त नव्वीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी, एवढ्यावरच ऑल-इन करतोय. जोड्यांचे ३६ प्रकार, त्यांच्यासमोर अठ्ठी पाचातून जेमतेम एकदा जिंकते. बाकीचे ३२ प्रकार, तिथं ती थोडी पुढं. सगळं मिळून साधारण ३६ टक्के. कॉल साफ चूक.

म्हणजे प्रश्न हा, की तो यातला कोण आहे? हिशेब केला तर उत्तर येतं की 'कशावरही लावणारा आहे' याची चारातून तीन इतकी खात्री असेल तरच कॉल करायचा. त्याच्या खाली असेल तर टाका.

मी भावाला नंतर विचारलं, त्या आधी तो कसा खेळत होता? म्हणाला, "तिघं उरल्यापासून वीसेक डाव झाले असतील. सारखा थोडं थोडं वाढवत होता. ऑल-इन पहिल्यांदाच केलं."

इथं उत्तर समोर पडलेलं होतं. कशावरही ऑल-इन करणारा माणूस वीस डावांत ते एकदाच कसं करेल? आणि ती कडक यादी, ६८ प्रकार, १,३२६ पैकी म्हणजे पाच टक्के. वीस डावांत एकदा. तंतोतंत तेवढंच. त्यात पुन्हा नेहमी थोडं वाढवणारा माणूस एकदम मोठ्या ब्लाइंडच्या तीस पट लावतो. माणसाची चाल बदलते तेव्हा काहीतरी कारण असतं.

बाजारात हेच बघतो की आपण. जनावरांच्या बाजारात जुने व्यापारी अजून रुमालाखाली बोटं धरून भाव करतात, म्हणजे तिसऱ्याला आकडा कळू नये. पण शेजारी उभा असलेला मुरलेला माणूस बोटं बघतच नाही. आज हा नेहमीपेक्षा लवकर हात पुढं करतोय का, की नेहमी घासाघीस करणारा आज गप्प आहे, हे तो बघतो. नेहमीचं काय आहे हे माहीत असेल तरच वेगळं काय ते दिसतं. त्यासाठी तुम्ही खेळत नसलेले डावसुद्धा बघायला लागतात. भाऊ तेव्हा दुसऱ्या स्क्रीनवर मॅच बघायचा.

चेहरा, हात आणि गोष्ट

समोरासमोर बसून खेळताना चेहरा वाचता येतो का? मी ऑफिसच्या मित्रांबरोबर गोव्याला गेलो होतो तेव्हा मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर तासभर नुसता पोकरच्या टेबलाशेजारी उभा राहून बघत होतो. मला तरी चेहऱ्यांवरून काही कळलं नाही. नंतर वाचलं तेव्हा बरं वाटलं. मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या चित्रफितींचे तुकडे लोकांना दाखवले. ज्यांनी फक्त खेळाडूंचे चेहरे बघितले त्यांचे अंदाज नाणं उडवण्यापेक्षाही वाईट आले. ज्यांनी फक्त चिप्स पुढं सरकवणारे हात बघितले, त्यांचे अंदाज त्यापेक्षा बरे. चेहऱ्यावर खेळाडू मुखवटा चढवतो, हाताकडं त्याचं लक्ष नसतं. माईक कॅरोने १९८४ मध्ये खेळाडूंच्या हावभावांवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचंही मुख्य सांगणं हेच की मुद्दाम केलेला अभिनय उलटा वाचायचा. फार जोरात चिप्स आपटणारा बहुतेक वेळा कमजोर असतो.

पण हे सगळं वरचं मीठ. मुख्य वाचन म्हणजे लावलेल्या चिप्सची गोष्ट जुळते का ते बघणं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००३ च्या वर्ल्ड सिरीजचं. ८३९ खेळाडूंतून दोघं उरले होते. अकाउंटंट असलेला ख्रिस मनीमेकर, ऑनलाइन स्पर्धा जिंकून तिथं आलेला, आणि समोर मुरलेला सॅमी फराह. मनीमेकरकडं इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फराहकडं इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. मध्ये इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की, मग इस्पिक अठ्ठी. आता मनीमेकरला आणखी एक इस्पिक किंवा एक पंजी नाहीतर दश्शी हवी होती. फराहने चिप्स लावले, मनीमेकरने वाढवले. शेवटचा पत्ता बदाम तिर्री. मनीमेकरकडं काहीच नाही. त्याने सगळं पुढं ढकललं.

फराहकडं नव्वीची जोडी, म्हणजे तो पुढं होता. तुझा फ्लश चुकला असणार, असा संशय त्याने बोलूनही दाखवला. आणि बराच विचार करून पत्ते टाकले. का? कारण गोष्ट जुळत होती. तिसरं इस्पिक आलं तेव्हा वाढवलं, शेवटी सगळं लावलं. खरंच फ्लश लागलेला माणूस अगदी असंच खेळला असता. संशय होता, पण संशयाला धरायला जागा नव्हती. मनीमेकर पुढं स्पर्धा आणि पंचवीस लाख डॉलर जिंकला.

यातून लोक शिकले ते 'हिंमत करा'. मला वाटतं शिकायचं ते वेगळंय. ती थाप खपली कारण आधीच्या चालींनी तिची तयारी केली होती, आणि तेव्हा तिसरा कुणी उरला नव्हता.

शेवटचा फोल्ड

तर हा हिशेब मी केला कधी? फोन आल्यावर आठ महिन्यांनी. तोपर्यंत भावाने उसाच्या बिलातले एक लाख ऐंशी हजार घालवले होते. काकांना वाटत होतं पैसे बागेच्या ठिबकसाठी ठेवलेत. मी तीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, आकडे त्याच्यासमोर ठेवले. त्याने शांतपणे बघितले आणि विचारलं, "म्हणजे हे आधी कळलं असतं तर मी जिंकलो असतो?"

मंडळी, या प्रश्नाने माझी झोप उडाली. कारण खरं उत्तर होतं, नाही. तो एक निर्णय सुधारला असता. पण प्रत्येक स्पर्धेच्या प्रवेशातला काही भाग ॲपवाला आधीच काढून घेतो, म्हणजे सरासरी खेळाडू सुरुवातच तोट्यातून करतो. आणि अचूक खेळणाराही शंभरातल्या बहुतेक स्पर्धांत रिकाम्या हाताने बाहेर पडतो. ते सोसायला ज्याच्या जाण्याने घरात काही अडणार नाही असा पैसा लागतो. उसाचं बिल तसला पैसा नसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. यावर वकिलांचे वाद चालू राहतील. पोकर कौशल्याचा खेळ आहे असं मला आजही वाटतं, हा सगळा भाग त्याचाच पुरावा आहे. पण भावाने ॲप काढलं ते कायद्याच्या आधी चार महिने. काकांना त्याने स्वतः सांगितलं. मी शेजारी बसलो होतो. शिकवलं मी, हे मीही सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आता ठिबकचं बघा दोघं मिळून." बघतोय. अर्धं झालंय.

मला जे त्या रात्री सांगायला हवं होतं ते आता सांगतो. निर्णय घेताना तीन प्रश्न विचारायचे. हरलो तर जाणारं आणि जिंकलो तर येणारं, सारख्या किमतीचं आहे का? समोरचा नेहमी कसा वागतो आणि आज काय वेगळं करतोय? आणि या भांडणात नसलेला तिसरा कोण आहे, ज्याला त्याची किंमत मोजावी लागेल? टेबलावर तो दोन लाख चिप्सवाला होता. घरी काका होते.

यंदाच्या दिवाळीत परत बसू. आजीचे चिंचोके अजून डब्यात आहेत.

भेटू पुढच्या भागात. हिशेबात कुठं चूक सापडली तर नक्की कळवा, दुरुस्त करून सांगेन.